सरांच्या कार्याचे दस्तऐवजीकरण : प्रकल्प नोंदी, बेळगाव, जुलै ते नोव्हेंबर २०२४

८ जुलै २०२४

सरांच्या कुटुंबीयांनी लेखी संमती दिल्यामुळे आजपासून काम रीतसर सुरू केले. महाराष्ट्रातील एका विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवून सर निवृत्त झाले आणि त्यानंतर अखेरपर्यंत बेळगावातच, टिळकवाडीतील आपल्या घरी राहिले. गेल्या हिवाळ्यात झालेल्या शोकसभेत बहुतेक वक्ते त्यांच्या दिग्दर्शनाविषयी आणि विद्यार्थ्यांविषयी भरभरून बोलले. सरकारी दवाखान्यातील केसपेपरच्या खिडकीशेजारी सर वर्षानुवर्षे रुग्णांच्या मदतीसाठी बसत असत, त्याचा उल्लेख मात्र 'सामाजिक कार्याचीही आवड होती' एवढ्यावरच आटोपला. मला हे फार खटकले. सरांनी रंगभूमीवर जे शिकवले तेच त्या बाकावर बसून केले, असे त्यांच्याजवळ काम केलेल्या आम्हा अनेकांना वाटते. तेव्हा प्रदर्शनात आणि स्मरणिकेत 'प्राध्यापक' व 'समाजसेवक' अशी दोन वेगळी दालने करायची नाहीत, हे पहिल्याच बैठकीत ठरवून घेतले. प्रदर्शन ५ नोव्हेंबरला, मराठी रंगभूमी दिनी, उघडायचे आहे.

१७ जुलै २०२४

पाऊस थांबायचे नाव घेत नाही. सरांच्या अभ्यासिकेतील लाकडी कपाट भिंतीला टेकून असल्याने मागच्या फळीला ओल आली आहे. सर्वांत खालच्या कप्प्यातील वह्यांवर बुरशीचे ठिपके दिसले, म्हणून त्या आधी बाहेर काढून पंख्याखाली, थेट वारा लागणार नाही अशा बेताने, उघड्या उभ्या करून ठेवल्या. उन्हात वाळवण्याची सूचना दोघातिघांनी केली, पण शाई उडेल आणि पाने वेडीवाकडी होतील म्हणून ती मानली नाही. हातमोज्यांऐवजी स्वच्छ, कोरड्या हातांनीच पाने उलटायची, कारण जुना कागद मोज्यातून जाणवत नाही आणि कडेला फाटतो. गंजलेल्या टाचण्या काढून त्यांच्या जागी काहीही लावायचे नाही. पानांचा क्रम पेन्सिलीने मागच्या बाजूस लिहायचा. काकूंनी वह्यांसाठी जुनी धुतलेली धोतरे फाडून दिली. मऊ सुती कापड म्हणून ती उत्तमच आहेत.

२८ जुलै २०२४

आजचा संपूर्ण दिवस प्रॉम्प्टिंगच्या, म्हणजे अडलेल्या नटाला विंगेतून संवाद सुचवण्याच्या, वह्यांसाठी दिला. नाटकाच्या छापील संहितेचे प्रत्येक पान उसवून सरांनी ते लांबट चोपडीच्या उजव्या पानावर चिकटवले आहे आणि समोरचे डावे पान टिपणांसाठी कोरे सोडले आहे. लाल शाईने विराम, हिरव्या शाईने प्रकाशाच्या सूचना, निळ्या शाईने हालचाली. पेन्सिलीने लिहिलेला मजकूर सर्वांत मोलाचा आहे, कारण त्यात कोणता नट कोणत्या वाक्यावर अडतो याची नोंद आहे. खानापूर तालुक्यातील एका गावच्या जत्रेतील प्रयोगाच्या वहीत एका नटाच्या आद्याक्षरापुढे सरांनी लिहिले आहे, 'दोन अक्षरे द्यावीत. वाक्य देऊ नये.' आणखी काही पानांनंतर त्याच नटाविषयी, 'येथे थांबावे. त्याला येते आहे.'

आम्ही विद्यार्थी विंगेत उभे राहून हे शिकलो. अडलेल्या नटाला प्रॉम्प्टरने पूर्ण वाक्य पुरवले की नट त्या आवाजाच्या मागे फरपटत जातो आणि पुढची चार वाक्येही विसरतो. पहिली दोन अक्षरे योग्य क्षणी मिळाली तर मात्र वाक्य त्याचेच राहते. पण केव्हा गप्प राहायचे, हे सरांना ज्या नेमकेपणाने कळत असे, ते आमच्यापैकी फार थोड्यांना साधले.

चोपड्यांबरोबर एक बॅटरीही मिळाली. तिच्या काचेवर लाल जिलेटिन कागदाचे तीन थर आहेत आणि त्यांना बांधलेला रबर वितळून पितळी कड्याला चिकटला आहे. विंगेतून पांढरा उजेड प्रेक्षकांच्या डोळ्यांत जाऊ नये म्हणून केलेली ही सोय. रबर खरवडून काढायचा नाही. बॅटरी आहे त्याच स्थितीत प्रदर्शनात ठेवायची.

११ ऑगस्ट २०२४

दवाखान्यातील वह्या पाहिल्या. या साध्या शाळकरी वह्या आहेत आणि त्यांत सरांनी स्वतः रकाने आखले आहेत: गाव, बरोबर कोण आले, कोणत्या खोलीकडे पाठवले, आणि शेवटचा रकाना 'परतीची गाडी'. आजाराचे नाव एकाही ओळीत नाही. ते विचारण्याचा आपल्याला अधिकार नाही, असे ते स्वयंसेवकांना पहिल्याच दिवशी बजावत असत.

बाहेरगावच्या वाचकांसाठी येथे थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे. बेळगावचे दवाखाने एकट्या बेळगावकरांचे नाहीत. खानापूरच्या जंगलपट्ट्यातील आणि महाराष्ट्रातील चंदगड तालुक्यातील लोकही मोठ्या संख्येने उपचारांसाठी येथेच येतात, कारण त्यांना हेच शहर जवळ पडते. खिडकीवरचे फलक आणि अर्ज कन्नडमध्ये असतात, आणि या मंडळींपैकी अनेकांना, विशेषतः वयस्कर बायकांना, वाचता आले तरी मराठीच वाचता येते. सर दोन्ही भाषा सहज लिहीत-वाचत. तरीही ज्याला नाव लिहिता येते त्याचा अर्ज ते स्वतः भरत नसत. कोणता रकाना कशाचा आहे हे बोट ठेवून सांगत आणि पेन समोरच्याच्या हातात देत. त्यांच्या शबनम पिशवीत वेगवेगळ्या नंबरचे वाचनाचे चष्मे असत, कारण 'दिसत नाही' म्हणणाऱ्या कितीतरी जणांना वास्तविक लिहिता येत असते, हे त्यांच्या लक्षात आले होते. ती पिशवी आणि त्यातील दोन चष्मे काकूंनी प्रदर्शनासाठी दिले.

डॉक्टरांपुढे गेल्यावर माणसे गप्प होतात, म्हणून सर बाकावर चक्क तालीम घेत. स्वतः डॉक्टर होत, समोरच्याला तीन प्रश्न ठरवायला सांगत आणि ते मोठ्याने म्हणवून घेत: गोळी किती दिवस घ्यायची, पुन्हा केव्हा यायचे, काय झाले तर लगेच यायचे. वाचिक अभिनयाच्या तासाला आम्हाला जे 'शेवटच्या रांगेपर्यंत पोचू द्या' म्हणत, तेच शब्द मी त्यांना तेथे एका म्हाताऱ्या गृहस्थांना सांगताना ऐकले आहेत.

या वह्यांतील गावांची नावे अनेक ठिकाणी माणसाची ओळख उघड करू शकतील, कारण काही वाड्या अगदी लहान आहेत. म्हणून प्रदर्शनात एकच पान ठेवायचे आणि त्यावरील पहिला रकाना झाकायचा. पूर्ण प्रत कोणालाही द्यायची नाही.

२० ऑगस्ट २०२४

ऑगस्ट २०१९ च्या महापुराविषयी तिघांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या. त्या वर्षी कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, घटप्रभा आणि मलप्रभा अशा सगळ्याच नद्या एकदम भरल्या होत्या आणि पुणे–बंगळूर महामार्गही बंद पडला होता. चिकोडी तालुक्यातील शाळेत उघडलेल्या एका निवारा केंद्रात सर विद्यार्थ्यांसह राहिले. धान्य आणि कपडे वाटणारे पुष्कळ जण होते. सरांनी कागदपत्रांचे काम अंगावर घेतले. वाहून गेलेले रेशनकार्ड, आधार, बँकेचे पासबुक, जमिनीचा आरटीसी (सात-बारासारखा) उतारा यांपैकी कोणाचे काय गेले याची घरवार यादी त्यांनी करून घेतली. भरपाईच्या अर्जाच्या वेळी तिचा किती उपयोग झाला, हे तिघांनीही आपापल्या शब्दांत सांगितले. संध्याकाळी ते मुलांकडून नाटक बसवून घेत. पुराचा विषय मात्र नको, असे मुलांना सांगत. 'त्यांना पूर माहीत आहे. त्यांना राजा होऊ दे,' असे सर म्हणाल्याची आठवण एका बाईंनी सांगितली आणि बोलता बोलता त्या थांबल्या. ध्वनिमुद्रण आम्ही तेवढ्यापुरते बंद केले.

संमतीपत्र मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत करून घेतले आहे. मुलाखत देणाऱ्याला ती नंतर मागे घेता येईल, हे वाचून दाखवल्याशिवाय सही घ्यायची नाही.

३ सप्टेंबर २०२४

सरांच्या व्याख्यानांची टिपणे लावण्याचे काम आज पूर्ण झाले. या गठ्ठ्याने मला सर्वाधिक विचार करायला लावले. मराठी रंगभूमीचा इतिहास शिकवताना ते सांगलीपासून सुरुवात करीत नसत. त्याच्या एक पाऊल आधीपासून, उत्तर कानडा जिल्ह्यातील कर्की गावापासून करीत. तेथील भागवत मंडळी १८४२ मध्ये सांगलीत आली, सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांनी त्यांचे खेळ पाहिले, असे काही मराठीतही व्हावे म्हणून त्यांनी विष्णुदास भाव्यांना सांगितले, आणि ५ नोव्हेंबर १८४३ रोजी 'सीतास्वयंवर' हे नाटक झाले. आपण ज्या दिवशी रंगभूमी दिन साजरा करतो, त्या दिवसाच्या पाठीशी कानडी मुलखातील खेळकऱ्यांचा प्रवास आहे, ही गोष्ट सर पहिल्या तासाला सांगत आणि नकाशावर दाखवत.

दुसरे टिपण सौंदत्ती तालुक्याविषयी आहे. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणणारे बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर हे सौंदत्तीजवळच्या गुर्लहोसूरचे. १९१४ मध्ये जन्मलेले आणि शंभरी ओलांडून २०१७ मध्ये गेलेले, कन्नड व्यावसायिक रंगभूमीचे बुजुर्ग नट एणगी बाळप्पा हे त्याच तालुक्यातील एणगीचे. किर्लोस्करांच्या पदांना कानडी चालींचा आधार आहे, हे सर पेटीवर वाजवून दाखवत. किर्लोस्कर बेळगावात शिक्षक असताना गोविंद बल्लाळ देवल हे त्यांचे विद्यार्थी होते, म्हणजे पुढे १८९९ मध्ये 'संगीत शारदा' देणारा नाटककार याच शहरातील शाळेच्या बाकावर घडला, हेही ते अभिमानाने सांगत. गोकाक भागातील श्रीकृष्ण पारिजात हे कन्नड लोकनाट्य, त्यात नाव कमावलेल्या कौजलगी निंगम्मा आणि बैलहोंगलकडील सण्णाट हा लोकनाट्यप्रकार यांवर त्यांची स्वतंत्र टिपणे आहेत, आणि सण्णाटावरील टिपण संपूर्ण कन्नडमध्ये आहे.

सीमाभागात राहणाऱ्या माणसाने हे लिहिणे सोपे नसते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, त्याची सल येथील मराठी घरांत आजही आहे, आणि सरांच्या घरातही ती होती. मराठी शाळांविषयी बोलताना त्यांचा आवाज चढत असे. तरीही इतिहासातील देवघेव लपवल्याने आपली बाजू बळकट होते, असे त्यांना कधी वाटले नाही.

१८ सप्टेंबर २०२४

काल विसर्जन झाले. गणेशोत्सवात सर्व स्वयंसेवक आपापल्या मंडळांत गुंतले असल्याने काम थांबले होते. आज कॅसेटपासून पुन्हा सुरू केले. बऱ्याच कॅसेटमधील दाबाची स्पंजाची पट्टी गळून पडली आहे, त्यामुळे आवाज गढूळ येतो. त्या फिती नव्या खोक्यात घातल्या, वाजवण्यापूर्वी एकदा पुढे-मागे पूर्ण गुंडाळून घेतल्या आणि प्रत्येक फितीनुसार वाजवण्याच्या यंत्रातील हेडचा कोन जुळवला. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर वेव्ह स्वरूपात मूळ प्रत ठेवली. खरखर काढलेली प्रत ऐकण्यासाठी वेगळी करू, मूळ प्रतीला हात लावायचा नाही.

एका कॅसेटवर जत्रेतील नाटकाची तालीम आहे. मागे रातकिडे, मध्येच नाटकाचे पोशाख पुरवणाऱ्या ड्रेपरीवाल्याशी पगडीच्या मापावरून चाललेले बोलणे, आणि एका शेतकरी नटाकडून सर एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणवून घेत आहेत. ते कसे म्हणायचे, हे ते एकदाही म्हणून दाखवत नाहीत. 'तू हे कोणाला सांगतो आहेस?' एवढेच विचारतात. बऱ्याच वेळाने त्या नटाचा आवाज बदलतो, आणि सर लगेच पुढच्या प्रवेशाकडे वळतात.

३० सप्टेंबर २०२४

यल्लम्माच्या डोंगरावर माघी पौर्णिमेच्या यात्रेत सरांनी विद्यार्थ्यांबरोबर केलेल्या पथनाट्यांविषयी आज दीर्घ मुलाखत झाली. देवदासी समर्पणास बंदी करणारा कर्नाटकाचा कायदा १९८२ चा आहे, परंतु कायद्याचा कागद आणि डोंगरावर येणारी बाई यांच्यात फार अंतर होते. ही नाटुकली दोन्ही भाषांत होत. महाराष्ट्रातून येणाऱ्या गाड्यांच्या तळावर मराठीत आणि पलीकडे कन्नडमध्ये. मुलाखत देणाऱ्या ताई स्वतः त्या प्रथेतून बाहेर पडलेल्या आहेत. त्यांनी सांगितले की सुरुवातीच्या संहितेत शेवटी एक कार्यकर्ता येऊन भाषण करीत असे. सरांनी तो काढून टाकला आणि त्या जागी ताईंनाच विचारले की मुलीच्या आईशी तुम्ही काय बोलला असता. त्या जे बोलल्या तोच पुढे शेवट झाला. ताईंचे नाव स्मरणिकेत येणार नाही, ही त्यांचीच अट आहे आणि ती पाळली जाईल.

१५ ऑक्टोबर २०२४

फलकांच्या भाषेवरून बैठकीत बराच वाद झाला. रंगभूमी दिनाचा कार्यक्रम असल्याने मजकूर केवळ मराठीत असावा, असे काही माजी विद्यार्थ्यांचे म्हणणे होते, आणि त्यांच्या भावनेत मला काहीही वावगे दिसत नाही. मराठीसाठी येथे झगडावे लागते हे आम्ही रोज पाहतो. तरीही दवाखान्यातील बाकावर सरांनी मराठी माणसाला कन्नड अर्ज वाचून दाखवला, आणि सण्णाटाचे टिपण त्यांनी स्वतः कन्नडमध्ये लिहिले. त्यांच्या पारिजातातील स्नेह्यांना आपल्याच मित्राविषयीचे फलक वाचता येऊ नयेत, हे मला मान्य करता येईना. मराठी मजकूर मोठा व आधी, त्याखाली कन्नड अनुवाद, यावर अखेर एकमत झाले. अनुवाद बैलहोंगलचे एक निवृत्त शिक्षक करणार आहेत.

मांडणीही ठरली. कालक्रम ठेवायचा नाही. प्रॉम्प्टिंगची चोपडी 'दोन अक्षरे द्यावीत' या पानावर उघडून ठेवायची आणि तिच्याच शेजारी, त्याच पेटीत, दवाखान्याची वही.

२७ ऑक्टोबर २०२४

स्मरणिकेची दुसरी प्रुफे तपासली. दिवाळी आणि १ नोव्हेंबरची सुट्टी एकत्र येत असल्याने छापखाना त्या दिवसांत बंद राहील. म्हणून छपाईची अंतिम परवानगी आजच दिली.

५ नोव्हेंबर २०२४

प्रदर्शन उघडले. कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा या गावांतील साहित्य संमेलनांचे कार्यकर्ते आले होते. तेथील मांडवांत सरांनी नाट्यवाचनाचे वर्ग घेतले होते. गोकाकहून पारिजातातील दोन वयोवृद्ध कलावंत आले आणि कन्नड मजकूर त्यांनी एकमेकांना मोठ्याने वाचून दाखवला. अनुवादातील एक संज्ञा चुकीची असल्याचे त्यांच्या लक्षात आले. ती उद्या दुरुस्त होईल. काकूंनी पेटीपाशी थांबून चष्मे पाहिले आणि त्यांतला एक सरांचा स्वतःचा असल्याचे सांगितले. त्याची नोंद सूचीत केली.

१४ नोव्हेंबर २०२४

प्रदर्शन उतरवले. मूळ वह्या कुटुंबीयांकडे परत गेल्या; चित्रप्रती आणि ध्वनिमुद्रणे यांचा एक संच काकूंकडे, एक वाचनालयाकडे आणि एक आमच्याकडे राहील. दवाखान्याच्या वह्या कोणत्याही संचात नाहीत.

दवाखान्यातील बाकासाठी सहा जणांनी नावे दिली आहेत. त्यांपैकी दोघांना कन्नड वाचता येत नाही, त्यामुळे त्यांची पाळी कन्नड जाणणाऱ्यांबरोबरच लावायची. पहिले दोन आठवडे जुन्या स्वयंसेवकांनी शेजारी बसायचे आहे. अर्ज कोणाचा आपण भरायचा आणि कोणाच्या हातात पेन द्यायचे, हे सांगून कळत नाही. पाहूनच शिकावे लागते.

खानापूर तालुक्यातील त्या गावच्या नाट्यमंडळाने जत्रेतील नाटक पुन्हा बसवायचे ठरवले असून सरांच्या चोपडीची प्रत मागितली आहे. जुन्या नटांविषयीच्या पेन्सिलीच्या टिपणांवर आधी त्या नटांची परवानगी घ्यावी लागेल. त्यांपैकी एकजण आजही त्याच गावात राहतात आणि या वेळी प्रॉम्प्टिंग करायला तयार आहेत. त्यांची परवानगी आली की प्रत पाठवायची.